कुणी न्यायला न आलेलं सामान

अण्णांनी सलग चार दिवस पॉलिश केलं आणि त्यांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

चूक सूनबाईचीच. "बुधवारी दुपारी पाहुणे यायचेत," एवढंच ती बोलून गेली होती. कोण पाहुणे, कशासाठी, हे तिने पोटात ठेवलं. गरजू कुटुंब साहाय्यक मंडळाची माणसं घर बघायला येणार, घरात काय काय नाही ते लिहून नेणार, आणि नसलेलं भरपूर निघालं तर दर महिन्याला एक खोकं देणार, हे सासऱ्यांच्या तोंडावर सांगायचं कसं? मदत ही फक्त करायची गोष्ट आहे अशी या घराची समजूत होती. गेली दोन वर्षं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी समजूत जागच्या जागी होती.

आणि पाहुणे म्हटल्यावर अण्णा दुसरं काय करणार? लाकडावर चकाकी चढवण्यात त्यांचा जन्म गेला. लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि थरावर थर चढवत राहायचं, लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत. शेवटची बाटली त्यांनी जिवापाड जपली होती. सूनबाईच्या पाहुण्यांसाठी ती त्यांनी उघडली, आणि सगळ्या घराला असा वास सुटला की समोरच्या जिन्यावरची मांजर दोन दिवस झिंगल्यासारखी चालत होती.

पॉलिश करायला सामान मात्र घरात खच्चून होतं. त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. अण्णांचं दुकान गेलं तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि परत न नेलेल्या वस्तू दोन मजले चढून वर आल्या. आठ खुर्च्या, त्याही तीन वेगवेगळ्या घरांतल्या. एक काचेचं कपाट. एक लिहायचं टेबल. एक आरामखुर्ची, जिच्यात आजवर कुणी आराम केलेला नव्हता. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी: कुणाचं, काय काम, कधी न्यायचं. चिठ्ठीचा दुसरा अर्धा तुकडा भिंतीवरच्या खिळ्याला. सगळ्यात जुनी चिठ्ठी एकतीस वर्षांची होती. लाकडाला आतून भुंगा लागला होता. भंगारवाल्याने एकदा येऊन खुर्चीला नुसतं बोट लावलं, बोट आत गेलं, आणि तो माफी मागून निघून गेला. विका, टाका, जाळा, असं अण्णांना सगळ्यांनी सांगून झालं. अण्णांचं उत्तर एकच. लोकांचं आहे. उद्या आले तर?

स्वतःचा पलंग विकला, लोकांच्या खुर्च्या ठेवल्या. सूनबाई, तिचा नवरा, त्यांची आठ वर्षांची मुलगी भिंगरी आणि अण्णा अशी चार माणसं खुर्च्यांच्या पायांमधून वाट काढून जमिनीवर झोपत.

भिंगरीसाठीच तर सगळं चाललं होतं. मागच्या महिन्यात ती शाळेत, रांगेत उभी असताना चक्कर येऊन पडली. बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती म्हणाली, "आज माझी पाळी नव्हती." घरात सकाळच्या खाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या, एक दिवस ती, एक दिवस अण्णा. सूनबाई आणि नवरा यांची पाळी यादीतच नव्हती. ही गोष्ट फिरत फिरत अण्णांच्या धाकट्या बहिणीपर्यंत, म्हणजे आत्यापर्यंत गेली. तिचं शेजारच्या गावात शाळेच्या गणवेशांचं दुकान, दुमजली घर, मूलबाळ नाही. तिचा निरोप आला: बुधवारी येते, पाचच्या बसने भिंगरीला घेऊन जाते, चार दिवस.

चार दिवस म्हणजे काय, हे या घरात कुणाला शिकवायला नको होतं. आत्या स्वतः सात वर्षांची असताना अशीच काकांकडे चार दिवसांसाठी गेली होती. तिथेच मोठी झाली, तिथूनच तिचं लग्न झालं.

म्हणून सूनबाईने अर्ज केला होता. धान्य, तेल, साबण, दुधाची पावडर, वर्षाला एक ब्लँकेट आणि मुलांना बूट. खोकं मंजूर झालं तर ती आत्याला तोंड वर करून सांगू शकली असती की पोर इथेच राहील. बुधवारी तीनला पाहणी, पाचला बस. मध्ये दोन तास. तिने सगळा हिशेब बरोबर बसवला होता. फक्त शेजारी विसरली.

पाहणीच्या बुधवारी त्या इमारतीत काय चालायचं ते असं. मंडळाच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूला गुण होते. खुर्चीला एक, पंख्याला दोन, टीव्हीला पाच. वीसच्या वर गेलात की तुम्ही गरजू नाही. त्यामुळे पाहणीच्या दिवशी इमारतीतली प्रत्येक गुणवान वस्तू दुपारपुरती दुसऱ्या मजल्यावर अण्णांच्या घरी येऊन बसायची. त्या घरातून मंडळाकडे अर्ज गेला नव्हता आणि जन्मात जाणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. अण्णांच्या ताठ्यावर अर्धी इमारत जेवत होती म्हणा ना.

साडेबाराला पहिली थाप पडली. तळमजल्यावरची इस्त्रीवाली, चादरीत गुंडाळलेला टीव्ही छातीशी धरून. तिचा नवरा सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला. एका गिऱ्हाइकाने दिलेला तो टीव्ही हीच त्याची खिडकी, तोच त्याचा चौक, तेच त्याचं फिरायला जाणं. "दोन तास, वहिनी," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंय की वीज गेलीय."

सूनबाईने तोंड उघडलं. आज नको, एवढंच म्हणायचं होतं. पण का नको? मागे अण्णा कान देऊन बसलेले. तिने तोंड मिटलं आणि बाजूला सरली.

मग चौथ्या मजल्यावरचा रिक्षावाला टीव्ही घेऊन आला. मग दोन पंखे आले. मग आणखी एक टीव्ही आणि, धापा टाकणाऱ्या तिघांच्या खांद्यावरून, एक ठेंगणा फ्रिज. अण्णांनी प्रत्येक वस्तूखाली वर्तमानपत्र घालायला लावलं, पॉलिशला ओरखडा नको म्हणून, आणि मग मागे सरून खोलीकडे बघितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पाहुण्यांना घर भरलेलं दिसेल."

आत्या दोनला आली. दारात उभी राहून तिने तीन टीव्ही, फ्रिज, चकाकणाऱ्या आठ खुर्च्या असं एकेक नजरेखालून घातलं. मग भिंगरीकडे बघितलं. पोरीचे गुडघे पायांपेक्षा जाड दिसत होते.

"भाड्याने दुकान टाकलंत की काय?" आत्याने विचारलं.

सूनबाईने तिला आतल्या खोलीत ओढून नेलं. आतली खोली म्हणजे मोरी आणि तिच्या कडेची जागा. तिथे कुजबुजत तिने सगळं सांगून टाकलं, अर्ज, पाहणी, शेजारी, सगळं. आत्याने ऐकून घेतलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. पण इतरांच्या पोरांचे गणवेश शिवण्यात तिची वर्षं गेली होती आणि मापाला नेमका बसेल असा एखादा तरी देह आपल्या घरात असावा, असं तिला वाटायचं. भिंगरीच्या मापाचे दोन फ्रॉक तिने शिवून ठेवलेसुद्धा होते.

"म्हणजे आज मला रिकाम्या हाताने पाठवायचा बेत होता तर," ती म्हणाली.

"पोर माझी आहे, आत्या."

"असू दे की. मी कुठे विकत मागतेय? चार दिवस म्हणतेय."

"तुमचे चार दिवस अजून संपले नाहीत."

बोललेलं मागे घेता येत नाही, म्हणून सूनबाईने चहा ठेवल्यासारखं केलं. चहाची पूड नव्हती. ती नुसतं पाणी तापवत उभी राहिली.

बरोबर तीनला मंडळाची माणसं आली. दोघं होती. एक पाहणीबाई, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, कानावर पेन्सिल. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. मंडळाचा शिक्का त्यांच्याकडे असायचा आणि जुन्या सवयीने ते तो प्रत्येक कागदावर दोनदा मारायचे. दोघंही फुकट काम करत होती, उन्हातान्हात जिने चढत होती, आणि त्यांच्या खोक्यांमुळे या एका इमारतीत सात चुली पेटत होत्या. सात चुली त्यांनी अनेकदा मोजल्याही होत्या. इतकी वर्षं लोकांची गरिबी तपासून पाहणीबाईंची नजर मात्र अशी झाली होती की आपल्या घरी गेल्यावरही त्या आधी खुर्च्या मोजत.

इथे त्यांनी उंबऱ्यातच पेन्सिल काढली.

"या, या, बसा," अण्णा म्हणाले. आणि सगळ्यात मानाची म्हणून आरामखुर्ची त्यांनी पोस्टमास्तरांपुढे सरकवली. तिला शेवटचा हात त्या दिवशी सकाळी दिलेला होता. पोस्टमास्तर बसले. बसताना काहीतरी पचकन असा आवाज आला, पण मानाच्या खुर्चीत बसलेला माणूस अशा आवाजाकडे लक्ष देत नाही.

पुढचा अर्धा तास अण्णांच्या म्हातारपणातला सगळ्यात सुखाचा होता. पाहुणे असावेत तर असे. एकेका वस्तूपाशी थांबत होते, वाकून बघत होते, बोट फिरवत होते, चक्क लिहून घेत होते. अशी कदर त्यांची कुणी केली नव्हती. पाहणीबाईंनी विचारलं, हे कपाट सागवानी आहे का? अण्णांनी सांगितलं, आत काय आहे ते विचारू नका, वरून बघा, शिसवीसारखं दिसतंय की नाही? पाहणीबाईंनी 'शिसवी' लिहिलं. लिहायच्या टेबलाला सात हात दिलेत, सात. पाहणीबाईंनी 'उत्तम स्थितीत' लिहिलं. सूनबाई भिंतीला टेकून बघत होती. सासऱ्यांच्या तोंडून निघणारं प्रत्येक कौतुक खोक्यातली एकेक वस्तू बाहेर काढत होतं. तेल गेलं. साबण गेला. कपाटाबरोबर भिंगरीचे बूट गेले.

शेवटी तिच्याने राहवलं नाही. तिने सांगून टाकलं की यातलं काही आमचं नाही, गिऱ्हाइकांचं आहे, चिठ्ठ्या बघा. पाहणीबाईंनी चष्मा वर करून एक चिठ्ठी वाचली.

"ही एकतीस वर्षांपूर्वीची आहे."

"आले नाहीत न्यायला."

"हे बघा, बाई," पाहणीबाई समजुतीने म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "फॉर्ममध्ये 'लोकांचं' असा रकाना नाही. जे ज्याच्या घरात, ते त्याचं. नाहीतर उद्या सगळेच म्हणतील, हा टीव्ही शेजाऱ्यांचा आहे."

आणि त्या टीव्हींकडे वळल्या.

याच वेळी सूनबाईचा नवरा घरी आला. फर्निचरच्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं मापं घेतली होती. कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात फूटपट्टी असायचीच, म्हणून गल्ली त्याला फूटपट्टी म्हणायची. सकाळपासून तो चौकात, रोजंदारीला माणसं उचलायला गाड्या येतात तिथे, उभा होता. आज त्याला कुणी उचललं नव्हतं. दारात अनोळखी माणसं बघून त्याने आधी शर्ट नीट केला. पोस्टमास्तरांनी विचारलं, आपण काय करता? "फर्निचरमध्ये आहे," तो म्हणाला, आणि खुर्च्यांच्या त्या गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसाचं बोलणं खोटं म्हणायला जागाच नव्हती. पोस्टमास्तरांनी लिहून घेतलं.

मग त्याच्या लक्षात आलं की कोण आलंय. बायकोकडे त्याने असं बघितलं की तिने मान खाली घातली.

"तीन टीव्ही," पाहणीबाई म्हणाल्या. "माझ्या घरी एक आहे, तोही दिसत नाही. हे तिन्ही तुमचे?"

"छे हो," नवरा म्हणाला. कसं का होईना, बायकोने मांडलेला डाव तिच्याच अंगावर उलटतोय हे त्याला दिसलं होतं. "तो कडेचा तर आमच्या खालच्या..."

सूनबाईने वर बघितलं. दारात इस्त्रीवाली उभी होती. हातावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत, आणि मंडळाची माणसं अण्णांच्या घरात बघून ती जिथल्या तिथे थिजली होती. चळतीतली सगळ्यात वरची बाही हलत होती. वारा नव्हता.

खरं बोलायला फार काही लागत नव्हतं. एक वाक्य. तीन टीव्ही पंधरा गुण, फ्रिज, पंखे, सगळं वजा. खुर्च्या उरल्या असत्या, पण निदान भांडायला जागा होती. आणि खाली अंथरुणावर एक माणूस वीज यायची वाट बघत पडला होता.

"आमचेच आहेत," सूनबाई म्हणाली.

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तिन्ही?" पाहणीबाईंनी विचारलं.

"एक सासऱ्यांना. एक आम्हाला. आणि एक..." तिसऱ्याला कारण सुचेना.

"एक बिघडलेला असतो," मोरीच्या दाराशी उभी असलेली आत्या म्हणाली. "या घरात काहीतरी बिघडलेलं लागतंच. लिहा तुम्ही."

सूनबाईने चमकून तिच्याकडे बघितलं. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती इस्त्रीवालीच्या हातातली चळत घेऊन, "किती वेळ उभी राहशील, ठेव इकडे," म्हणत होती.

गुण झाले त्रेचाळीस. इतके गुण मंडळाच्या अध्यक्षांच्या घरालासुद्धा पडले नसते. पोस्टमास्तरांनी 'अपात्र' असा शेरा लिहिला, आणि तीन महिन्यांनी फेरपाहणीचा अर्ज करता येतो असं सांगितलं. शिक्का मारला. दोनदा मारला. "येतो मग," म्हणून ते उठले.

आरामखुर्चीही उठली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, पोस्टमास्तरांना तर नाहीच. ते अर्धवट वाकून उभे होते आणि खुर्ची त्यांच्या पाठीमागे चार पाय हवेत सोडून लोंबत होती. अण्णा धावले. पोस्टमास्तरांसाठी नव्हे, खुर्चीसाठी.

"हलू नका. पॉलिशचा हात ओला आहे अजून. पाच मिनिटं बसून राहा, स्पिरिटने सोडवतो. ओढलंत तर पॉलिश निघेल."

पोस्टमास्तर परत बसले. अण्णा गुडघ्यांवर बसून बोळ्याने कडेकडेने स्पिरिट लावू लागले. ज्या घराला आत्ताच नाही म्हटलं त्या घरात बसून राहायचं, यासारखी अवघड पाच मिनिटं नसतील. पाहणीबाई फॉर्मची घडी घालत राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून पोस्टमास्तरांनी भिंगरीला विचारलं, कितवीत आहेस?

"तिसरीत. पण मी आज जाणारेय."

"अरे वा. कुठे?"

"आत्याआजीकडे. तिच्याकडे सकाळी पाळी नसते. रोज सगळेच खातात."

स्पिरिटचा वास खोलीभर पसरला होता. पोस्टमास्तरांनी हातातल्या शिक्क्याकडे बघितलं. मारायचे शिक्के त्यांच्याकडे होते. मारलेला पुसायचा आजवर कुणी बनवला नव्हता. पाहणीबाईंनी घडी उलगडली, त्रेचाळीसची बेरीज पुन्हा केली. त्रेचाळीसच आली.

खुर्ची सुटली. पॅन्टचा एक करडा तुकडा तिच्याकडेच राहिला. जिना उतरताना पोस्टमास्तर फाइल मागे धरून चालत होते, आणि एरवी हसून हसून मेले असते ते शेजारी आपापल्या दारात गंभीर चेहऱ्याने उभे होते.

"कुठले हे पाहुणे?" अण्णांनी विचारलं.

सूनबाईने सांगितलं. या वेळी काही गिळलं नाही. अण्णा बोळा हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा टेबलाकडे. आपणच सात हात देऊन काय करून ठेवलं ते त्यांना हळूहळू कळत गेलं असावं, कारण त्यांचे हात थांबले. नवरा हलक्या आवाजात बायकोवर चिडला. अर्ज केलास तो मला न विचारता, आणि केलास तर केलास, मग तोंडाशी आलेलं घालवलंस का? त्याला नेमका कशाचा राग आलाय ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. शेवटी तो फूटपट्टी काढून टेबलाची लांबी मोजत बसला.

साडेचारला सूनबाई उठली आणि भिंगरीचे कपडे पिशवीत भरू लागली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी अण्णांची पाळी होती, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आत्या आरामखुर्चीच्या चिठ्ठीशी चाळा करत उभी होती.

"लोकांच्या खुर्च्या एकतीस वर्षं सांभाळल्यास," ती अण्णांना म्हणाली. "कुणी आलंच तर रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. मला पोचवायला तूच आला होतास. शनिवारी येतो म्हणालास. मी वर्षभर दर शनिवारी केस विंचरून बसायचे."

"आलो होतो," अण्णा म्हणाले.

नवऱ्याची फूटपट्टी थांबली.

"पहिल्याच शनिवारी आलो होतो. खिडकीतून बघितलं. तू जेवत होतीस." अण्णा बोळ्याकडे बघून बोलत होते. "दोनदा वाढून घेतलंस. आपल्याकडे तेव्हा चूल पेटत नव्हती. परत गेलो."

आत्याने चिठ्ठी हातातून सोडली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "हाक मारायची होतीस. मी ताट टाकून आले असते."

"म्हणूनच नाही मारली."

घड्याळात पावणेपाच झाले. सूनबाईने पिशवीची गाठ मारली, पोरीचे केस सारखे केले. आणि मग अण्णा उठले, पुठ्ठ्याचा तुकडा शोधला, कानामागची पेन्सिल काढली आणि टेबलावर वाकून चिठ्ठी लिहायला घेतली. आयुष्यभर त्यांच्या दुकानाच्या दारातून कुठलीही वस्तू चिठ्ठीशिवाय गेली-आली नव्हती. 'कुणाचं' पुढे त्यांनी लिहिलं, सूनबाईचं. 'काय काम' पुढे थोडा विचार करून, दोन वेळचं जेवण. 'कधी न्यायचं' पुढे पेन्सिल टेकवून ते तसेच राहिले.

"तारीख घाल," आत्या म्हणाली.

अण्णांच्याने होईना.

"घाल म्हणते ना. खुर्चीला घालतोस, पोरीला नको?"

सूनबाईने त्यांच्या हातून पेन्सिल घेतली. फेरपाहणीच्या पुढचा शनिवार तिने बोटांवर मोजून काढला आणि चिठ्ठीच्या दोन्ही अर्ध्यांवर नीट, ठसठशीत लिहिला. अण्णांनी चिठ्ठी मधून फाडली, अर्धी सूनबाईला दिली, अर्धी दोऱ्याने पिशवीच्या बंदाला बांधली. आत्याने ती उचलून वाचली. डोळ्यांपासून लांब धरून, परत जवळ आणून.

"पुन्हा अपात्र ठरलात तरी ये," ती सूनबाईला म्हणाली. "ती जेवत असली तरी हाक मार."

स्टॉपवर बस वेळेवर आली. जी बस रोज अर्धा तास उशिरा यायची तिला नेमकी आजच घाई होती. भिंगरीला खिडकीची जागा मिळाली म्हणून ती खूश होती. तिने पिशवी मांडीवर घेतली, चिठ्ठी दिसेल अशी वर काढून ठेवली, आणि बस वळेपर्यंत आईकडे न बघता कंडक्टरच्या मशीनकडे बघत राहिली. आत्या मात्र मागे बघत होती.

सूनबाई परत आली तोवर शेजाऱ्यांनी आपापलं सामान नेलं होतं. टीव्हींच्या जागी वर्तमानपत्रं तेवढी राहिली होती. इस्त्रीवालीने जाताना एका वर्तमानपत्रावर साबणाची एक वडी ठेवली होती, मंडळाच्या खोक्यातली. वेष्टनावर शिक्का होता, दोनदा मारलेला.

घरात खरखर आवाज येत होता. अण्णा जमिनीवर बसून आरामखुर्चीवर पॉलिशपेपर चालवत होते. करडा तुकडा चिकटला होता तिथूनच त्यांनी सुरुवात केली होती. जिथे पेपर फिरला होता तिथे भुंग्याची भोकं उघडी पडली होती.

"उतरवतोय," ते मान वर न करता म्हणाले. "चढवायला चार दिवस लागले. उतरवायला तीन महिने पुरतील ना?"

नवऱ्याने पॉलिशपेपरची एक घडी फाडून घेतली आणि दुसऱ्या खुर्चीपाशी बसला. घासण्याआधी, सवयीने, त्याने मापलं.

सूनबाईने पदराच्या गाठीतून अर्धी चिठ्ठी काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावली. खिळ्यावर एकतीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, पिवळ्या, कडा कुरतडलेल्या. तारीख उलटून न गेलेली तेवढी एकच. तिने ती सगळ्यांत वर येईल अशी केली, आणि पॉलिशपेपर घेऊन तिसऱ्या खुर्चीपाशी बसली.